उतरणीचे दोन तास

बर्फावरच्या खेळांविषयी मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं, त्यात बहुधा जानेवारी असतो. ताजा भुरभुरीत बर्फ, गुडघ्यापर्यंत रुतलेले पाय, तोंडातून निघणारी वाफ. या पुस्तकाचा विषय त्यानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होतो. खाली दरीत झाडांना पालवी फुटलेली असते आणि वर, दोन हजार मीटरच्या पुढे, हिवाळ्यातला बर्फ अजून जागेवर असतो; पण तो आता जुना, दबलेला, रात्री टणक आणि दिवसा ओला झालेला असतो. त्या बर्फावरून जेमतेम दोन फुटी स्कींवर घसरत खाली येणं, एवढाच हा खेळ. ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांतात अशा आखूड स्कीला ‘फिर्नग्लाइटर’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘फिगल’. ज्या बर्फावर ती चालते तो बर्फ म्हणजे ‘फिर्न’.

खेळ किरकोळ वाटेल, आणि एका अर्थी तो आहेही. ऑलिंपिकमध्ये त्याला जागा नाही, त्याचे विक्रम कुणी पाठ करत नाही, आणि बघणाऱ्याला त्यात फारसं थरारक काही दिसत नाही. मग त्यावर पुस्तक कशाला? माझं उत्तर असं, की या खेळात सामान आणि धाडस दोन्ही दुय्यम आहेत. बर्फ एका दिवसात कसकसा बदलतो, हे ज्याला कळतं त्यालाच हा खेळ जमतो. आणि मराठी गिर्यारोहकाला नेमकं हेच कळायला हवं आहे. आपला माणूस हिमालयात जातो तो बहुतेक वेळा मे-जूनमध्ये. परीक्षा संपलेल्या असतात, रजा मिळते, पावसाळा यायचा असतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 मध्ये निघाली, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट 1965 मध्ये. तिथल्या उन्हाळी बेसिक कोर्सला जाणाऱ्या पुण्या-मुंबई-नाशिकच्या पोरांना जो बर्फ पायाखाली मिळतो तो पोस्टकार्डावरचा नव्हे, हा असतो. त्याची ओळख मात्र आपण त्यांना पोस्टकार्डावरूनच करून देतो.

फिगलचं घर दाखवायचं तर इन्सब्रुकला जावं लागेल. 1964 आणि 1976 अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक भरवलेलं हे शहर साधारण पावणेसहाशे मीटर उंचीवर इन नदीकाठी वसलं आहे आणि त्याच्या उत्तरेला नॉर्डकेटे ही चुनखडीची डोंगररांग अक्षरशः घरांच्या मागे उभी आहे. 1928 मध्ये या डोंगरावर रोपवे पूर्ण झाला. खालच्या टप्प्यातली रेल्वे 2007 मध्ये नव्याने बांधली गेली, तिची स्थानकं वास्तुविशारद झाहा हदीदने आखली. वास्तुकलेचे विद्यार्थी ती पाहायला येतात आणि डोंगर न पाहता परत जातात, असं गमतीने म्हणायला हरकत नाही. रोपवेने 1,905 मीटरवरच्या झेग्रुबेला आणि तिथून सव्वादोन हजार मीटरच्या पुढे हाफेलेकारला पोहोचता येतं. शहराकडे तोंड केलेले हे उतार दक्षिणाभिमुख आहेत. हिवाळ्यात हा त्यांचा दोष: ऊन लागून ताजा बर्फ लवकर बिघडतो. वसंतात तोच गुण ठरतो, कारण जे ऊन ताज्या बर्फाला बिघडवतं तेच जुन्या बर्फाला घडवतं. शहरात सायकली फिरत असतात आणि अर्ध्या तासाच्या अंतरावर वर माणसं उतारावरून घसरत असतात. आखूड स्की पाठपिशवीत मावते, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही.

आता त्या स्कीकडे बघू. लांबी साधारण 60 सेंटिमीटर, कधी थोडी कमी, कधी जास्त. लाकडाच्या झाल्या, धातूच्या झाल्या, आता प्लास्टिकच्याही आहेत. कडा धातूच्या. नेहमीच्या स्कीला लागणारा कडक खास बूट इथे लागत नाही. डोंगरात चालायचा जाड तळाचा बूटच पट्ट्यांनी घट्ट बांधायचा, टाचेसकट. हाच तिचा मूळ उपयोग. गिर्यारोहक शिखरावर चालत जात आणि परतताना चिखलासारख्या मऊ झालेल्या बर्फात दोन तास पाय ओढण्याऐवजी पिशवीतून या फळ्या काढून वीस मिनिटांत खाली येत. ज्यांना ग्लिसेडिंग माहीत आहे, म्हणजे आइस अ‍ॅक्सच्या आधाराने बुटांवर किंवा बसून घसरत येणं, त्यांनी फिगलला उभ्याने करायच्या ग्लिसेडची पुढची पायरी समजावं. बुटाच्या तळव्याला वळण घेता येत नाही, फिगलला घेता येतं. फरक तेवढाच, पण तो मोठा आहे.

आखूडपणाची किंमतही आहे. ढोबळ हिशेब करा: नेहमीची स्की 170 सेंटिमीटर धरली तर फिगल तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. रुंदी साधारण सारखी धरली तर माणसाचं तेच वजन एक तृतीयांश पृष्ठभागावर येतं, म्हणजे बर्फावरचा दाब जवळजवळ तिप्पट. ताज्या भुसभुशीत बर्फात ती सरळ खाली जाते आणि माणूस उभाच्या उभा रुततो. निबर, आरशासारख्या बर्फावर उलटं होतं: धारेची लांबी इतकी कमी, की पकड मिळत नाही आणि पाय थरथरत सुटतात. या दोन टोकांच्या मधोमध एकच अवस्था अशी आहे जिथे फिगल नीट चालते. खाली वजन पेलणारा घट्ट थर आणि वर दोन-तीन सेंटिमीटर सुटा, ओलसर थर. ही अवस्था दिवसातून फार तर दोन तास टिकते. बाकीचे बावीस तास फिगल हे पिशवीतलं ओझं आहे.

आखूड स्कीची कल्पना मात्र नवी नाही, आणि ती एका ठिकाणी जन्मली असंही म्हणता येत नाही. ऑस्ट्रियाच्या लिलियनफेल्ड गावी राहणाऱ्या माथियास झ्डार्स्की नावाच्या हट्टी माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेच्या लांबलचक स्की आल्प्सच्या तीव्र उतारांवर निरुपयोगी आहेत असं ठरवून त्या कापल्या आणि टाचेला आडवं हलू न देणारी धातूची बांधणी तयार केली. नॉर्वेच्या पठारांवर लांब पल्ला मारायचा होता, इथे उभ्या कड्यांमधून वळणं घ्यायची होती. 19 मार्च 1905 रोजी त्याने मुकेनकोगेल डोंगरावर फाटकांमधून वळत उतरण्याची शर्यत घेतली. आजच्या स्लॅलमची ती आद्य शर्यत मानली जाते. पहिल्या महायुद्धात सैनिकांना बर्फाचे धोके शिकवत असताना हाच माणूस हिमस्खलनात सापडला, त्याची कितीतरी हाडं मोडली, आणि तरी तो पुन्हा स्कीवर उभा राहिला. त्याची स्की आजच्या मानाने लांबच होती, पण ‘भूभाग बघून स्की कापा’ हा विचार त्याचा. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत, व्हर्मांटमध्ये, क्लिफ टेलरने नवशिक्यांना अडीच फुटी स्कीवर उभं करून टप्प्याटप्प्याने लांबी वाढवत नेण्याची पद्धत रूढ केली. 1990 च्या दशकात तर तिरोलच्याच क्नाइसल कंपनीने टोकाला पायाची बोटं कोरलेली ‘बिगफूट’ नावाची आखूड स्की विकली. ती मजेदार होती आणि बाजारात तिच्यामागून आणखी आल्या. पण त्या सगळ्या तयार केलेल्या, यंत्राने दाबलेल्या उतारांसाठी होत्या. लिफ्टने वर जा, खाली या, पुन्हा जा. फिगलची बिगफूटशी तुलना मला पटत नाही. एक खेळणं आहे, दुसरं डोंगरातून घरी परतायचं साधन.

बर्फाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं.

आभाळातून पडतो तेव्हा बर्फाच्या कणाला नाजूक फांद्या असतात. त्या फार दिवस टिकत नाहीत. वसंतात ऊन चढलं की वरचा थर वितळू लागतो, पाणी कणांच्या फटींत उतरतं. रात्री ते गोठतं आणि कण एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत लहान कण आधी विरघळतात आणि त्यांचं पाणी मोठ्या कणांवर चढतं. असं काही दिवस चाललं की फांद्या नाहीशा होऊन मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे गोल, जाड दाणे उरतात. सकाळी ऊन लागून त्यांच्यातली गोठलेली सांधणी सुटली की वरचा थर नीट भिजवलेल्या साबुदाण्यासारखा होतो: ओला, पण दाणा न् दाणा मोकळा. हाच फिर्न. (हिमनद्यांचे अभ्यासक ‘फिर्न’ म्हणतात तेव्हा त्यांना एक उन्हाळा पार करून उरलेला, बर्फाच्या घन लादीकडे वाटचाल करणारा थर अभिप्रेत असतो. डोंगरातली माणसं इतकी काटेकोर नसतात, आणि या पुस्तकात त्यांचीच भाषा चालते.)

यातली रात्र फार महत्त्वाची. अनेकांचा समज असतो, की हवेचं तापमान शून्याखाली गेलं तरच बर्फ गोठतो. तसं नाही. बर्फ दिवसा पांढरा दिसतो, सूर्याचा उजेड मोठ्या प्रमाणात परतवून लावतो. पण उष्णतेच्या अवरक्त किरणांच्या बाबतीत तो जवळजवळ काळ्या वस्तूसारखा वागतो. रात्र निरभ्र असेल तर तो आपली उष्णता आभाळात सोडत राहतो आणि हवा शून्याच्या वर दोन-तीन अंश असतानाही त्याचा पृष्ठभाग टणक गोठतो. उलट ढगांचं पांघरूण असलं तर ती उष्णता परत खाली येते आणि हवा बऱ्यापैकी थंड असूनही बर्फ सकाळी तसाच मऊ, पोकळ राहतो. म्हणून तंबूतून पहाटे डोकं बाहेर काढल्यावर तापमापक बघण्याआधी चांदण्या बघाव्यात. चांदण्या नसतील तर पुन्हा झोपावं. हा नियम ज्यांना पाळता येत नाही त्यांनी वसंतात डोंगरात जाऊ नये, असं मी स्पष्टच लिहितो.

सकाळ झाली की उलटी गोष्ट सुरू होते. बर्फ वितळायला बरीच उष्णता लागते: शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला 334 किलोज्यूल, म्हणजे तेवढंच पाणी नंतर 80 अंशांपर्यंत तापवायला लागेल जवळजवळ तितकी. म्हणून थर हळूहळू सुटतो आणि आपल्याला ते दोन तास मिळतात. पण वसंतातला बर्फ ताज्या बर्फाइतका पांढराही नसतो. ताजा बर्फ उन्हाचा 80 ते 90 टक्के भाग परतवतो. जुना, ओला आणि धुळीने मळलेला त्याहून पुष्कळ कमी. आल्प्समध्ये सहाराची धूळ येऊन पडते आणि उतार तांबूस दिसू लागतात. त्या वर्षी बर्फ लवकर जातो. कधी कधी, थंड आणि लख्ख सकाळी, आणखी एक प्रकार दिसतो. ऊन पृष्ठभागाच्या थोडं आत शिरून तिथला बर्फ वितळवतं, पण वरची पातळ पापडी उष्णता सोडत गोठलेलीच राहते. मग सगळा उतार काच बसवल्यासारखा झगमगतो आणि त्यावरून घसरताना पापडी फुटून किणकिणाट होतो. फिगलवाले अशा सकाळची वर्षभर वाट बघतात.

स्की का घसरते, याचं उत्तर शोधायला एफ. पी. बाउडन आणि टी. पी. ह्यूज या दोघांनी प्रयोग केले. 1939 मध्ये त्यांनी मांडलं, की घर्षणाच्या उष्णतेने स्कीखाली पाण्याचा अतिशय पातळ पडदा तयार होतो आणि स्की त्यावर घसरते. पुढे या विचारात बरीच भर पडली, पण फिगलवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं एक लक्षात ठेवावं लागतं: पाणी थोडं असेल तर ते वंगण, फार झालं तर ते चिकटतं. दुपारी उतार पाण्याने भरला की स्की मधेच पकडल्यासारखी थबकते. लांब स्कीवर पुढे बराच आधार असतो, माणूस सावरतो. फिगलवर बुटापुढे वीतभरसुद्धा आधार नसतो. शरीर पुढे जातं, पाय मागे राहतात. म्हणून गुडघे वाकवून वजन पावलाच्या बरोबर मध्यावर, किंचित मागेच ठेवायचं, एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे, आणि वळणं लहान. याचं सगळं तंत्र पुढे चित्रांसह आहेच, मी त्यात शिरत नाही.

वेळेबद्दल एक सूचना मात्र इथेच करतो, कारण ती आल्प्सच्या पुस्तकांत मिळणार नाही. तिथली मार्गदर्शकं साधारण असं सांगतात: पूर्वेकडचा उतार आधी, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा, आणि दुपार चढायच्या आत खाली. क्रम आपल्याकडेही तोच. घड्याळ तेच धरलं तर घात होईल. इन्सब्रुकचं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या पुढे धावतं. मे महिन्यात तिथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास. उत्तरकाशीत तो सव्वाबाराच्या सुमारास येतो. म्हणजे तिथले अकरा ते आपले दहा. दुसरं, इन्सब्रुक 47 अक्षांशावर, उत्तरकाशी 31 च्या खाली. मेच्या मध्याला मध्यान्हीचा सूर्य तिथे क्षितिजापासून सुमारे 62 अंशांवर असतो, इथे जवळजवळ 78 वर. ऊन इतकं उभं पडतं, की उत्तरेकडचे उतारही सुटत नाहीत, आणि आपण हजार-दोन हजार मीटर जास्त उंचीवर असल्याने हवा विरळ, ऊन अधिक प्रखर. गढवालात नऊ वाजता उत्तम असलेला उतार साडेदहाला संपलेला असू शकतो. घड्याळापेक्षा बूट खरं सांगतो: तळव्याचा ठसा दोन-तीन सेंटिमीटर उमटला तर ठीक, घोट्यापर्यंत पाय गेला तर त्या दिवसाचा खेळ आटोपला.

कारण घोट्यापर्यंत पाय जाणं ही नुसती गैरसोय नाही. पाणी दाण्यांच्या फटी भरू लागलं, थरांतून खाली झिरपलं, की दाण्यांना एकत्र ठेवणारी सांधणी सुटते आणि अख्खा उतार स्वतःच्या वजनाने निघू शकतो. ओल्या बर्फाचं स्खलन कोरड्यासारखं ढगासारखं उसळत येत नाही. ते जड, संथ येतं आणि थांबल्याबरोबर घट्ट होतं. युरोपात हिमस्खलनाच्या धोक्याच्या 1 ते 5 अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि वसंतात तिरोलच्या पत्रकांत सकाळसाठी एक, दुपारसाठी दुसरी, वरची, असं अनेकदा लिहिलेलं असतं. म्हणजे धोक्यालाही वेळापत्रक आहे. आपल्याकडे अशी रोजची, दरीदरीची पत्रकं सहज हाताशी नसतात. तिथे चांदण्या आणि बूट यांवरच भिस्त.

दुसरे धोके उलट्या बाजूचे. पहाटे, थर सुटायच्या आधी, उतार निबर असतो. नायलॉनच्या जाकिटात पडलेला माणूस तेव्हा थांबत नाही, थेट खालच्या खडकांपर्यंत जातो. मऊ व्हायची वाट बघण्याचा कंटाळा आला म्हणून निघालेल्यांचे अपघात, उशिरा निघालेल्यांच्या अपघातांइतकेच वाईट असतात. आणखी, खडक उन्हाने तापतात आणि त्यांच्या कडेचा बर्फ आतून वितळून खोल फट पडते. वरून ती झाकलेली असू शकते. आणि हिमालयातला खास धोका म्हणजे बर्फाने भरलेले नाले. वरून रुंद, गुळगुळीत, घसरायला बोलावणारी पांढरी वाट. खालून पाणी पोखरत असतं. छप्पर मध्यभागी सर्वांत पातळ असतं, आणि घसरणाऱ्याला मध्यभागच आवडतो. नाल्याच्या तोंडाशी कान देऊन पाण्याचा आवाज ऐका, असं पहाडातले वाटाडे सांगतात, ते ऐकावं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की मनालीला मे महिन्यात रोहतांगच्या वाटेवर भाड्याचा कोट आणि गमबूट घालून, भाड्याच्याच स्कीवर दहा मिनिटं उभं राहिलेली आपली कुटुंबं या विषयापासून फार लांब आहेत. मला तसं वाटत नाही. पावसात भिजलेल्या फळ्या आणि ढिले पट्टे सोडले, तर त्यांच्या पायाखालचा बर्फ हाच आहे, आणि दुपारी बारा वाजता तो इतका का चिकटतो, हा त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला पडणारा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर या पुस्तकात आहे.

खेळाची बाजू घेऊन मी जास्त बोललो असेन. तो सर्वांसाठी आहे, असा माझा दावा नाही. स्की कधी पायाला न लागलेल्याने फिगलपासून सुरुवात करू नये; आखूड म्हणून सोपी, हा समज चुकीचा आहे. आधी बेसिक कोर्स करा आणि आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं, म्हणजे सेल्फ अरेस्ट, अंगवळणी पडेपर्यंत शिका. मग एखाद्या हिवाळ्यात गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगसारख्या संस्थेत किंवा औलीला लांब स्कीवर रीतसर शिक्षण घ्या. त्यानंतर, अनुभवी सोबतीबरोबर, खाली मोकळं मैदान असलेल्या सौम्य उतारावर फिगल बांधा. आणि पुस्तक कुठूनही उघडलंत तरी ओल्या बर्फाच्या स्खलनावरचं प्रकरण सर्वांत आधी वाचा. त्यासाठी ही प्रस्तावना अर्धवट सोडलीत तरी माझी तक्रार नाही.